खेड्यात एवढी जमीन पडून असताना गरिबाला घरकुलासाठी जागा का मिळत नाही? एनए (शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी) आणि तुकडेबंदी (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्यात शेतजमीन विकायला बंदी) यांचे नियम काढून टाकले तर प्रश्न सुटेल का?

नाही सुटणार. तुकडेबंदी उठली की गावाशेजारच्या रानात प्लॉट पडतील आणि ते तालुक्याचे नोकरदार घेतील. सालगड्याच्या वाट्याला त्यातला एकही येणार नाही. हे अंदाजानं बोलत नाही, आमच्याच घरात घडलंय.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. आमच्याकडे एका मामांनी उभी हयात साल धरलं. नात्यातले नव्हेत, पण आम्ही पोरं त्यांना मामाच म्हणायचो. गावठाणात तीन भावांत मिळून त्यांच्या पत्र्याच्या दोन खोल्या. घरकुलाच्या यादीत नाव आलं, आणि स्वतःच्या नावावरची जागा दाखवा म्हटल्यावर सगळं अडलं. सपाट भागात घरकुलाचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये, घर किमान 25 चौरस मीटरचं हवं. जागा ज्याची त्यानं आणायची.

मामा आमच्या चुलत्यांकडे आले. गावठाणाला लागूनच आमचं रान आहे, त्यातला एक गुंठा पैसे घेऊन द्या म्हणाले. चुलते म्हणाले, "माझी ना नाही रे, पण कायदा आड येतो. गुंठ्याचं खरेदीखत होत नाही. आणि तुझ्या नावावर शेत नाही, तुला शेतजमीन घेताच येत नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा शेतीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून झाला, आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन न देण्याचा नियम सावकार-व्यापाऱ्यांनी रानं गिळू नयेत म्हणून. पण महसूल संहितेत तेव्हा कलम 42ड होतं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन, रूपांतर कर आणि अकृषिक आकारणी भरली की, निवासी वापरासाठी एनए धरली जायची. ती शेतजमीनच उरली नाही तर तुकडेबंदी कसली आणि शेतकरी असण्याची अट कसली? मी तहसीलमधून माहिती काढली, कागद चुलत्यांपुढे ठेवला. तेव्हा खरं कारण बाहेर आलं. "आज एकाला दिली की उद्या अख्खी वस्ती मागायला येईल. आणि आपल्या बांधाला त्यांची घरं?"

पुढं याच चुलत्यांनी डांबरी रस्त्याकडचं रान सामाईक खरेदीखतानं विकलं. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची नावं एकाच सातबाऱ्यावर ओळीनं चढली, आतल्या वाटण्या नोटरीच्या कागदावर. त्या दिवशी कायदा आड आला नाही. आणि सरकारनंही अशांचंच भलं केलं. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार नियमित करायला आधी बाजारभावाच्या 25 टक्के भरावे लागायचे, 2024 मध्ये ते 5 टक्के झाले, 2025 मध्ये निवासी क्षेत्रातल्या जुन्या व्यवहारांना तेही माफ. ज्यानं कायदा पाळला, म्हणजे ज्याच्याकडे तो मोडायलाही पैसे नव्हते, त्याला काय मिळालं?

मनात आणलं तर सरकार गावठाण बनवू शकतं, हे आमच्या जिल्ह्यानं पाहिलंय. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली 52 गावं नव्या जागेवर वसली. त्यातही भूमिहीनाला 250 चौरस फुटांचं घर आणि मोठ्या शेतकऱ्याला 750. किती नुकसान झालं यावर नव्हे, किती जमीन आहे यावर घराचा आकार! पण निदान भूमिहीनाला जागा तरी मिळाली.

म्हणून नियम काढा म्हणण्यापेक्षा गावठाण वाढवा म्हणा. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, संहितेचं कलम 122 वाचा. ग्रामसभेत ठराव करून मागणी लावून धरा. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अनुदान मिळतं, आता ते 1 लाखापर्यंत आहे. रस्त्याकडेला तेवढ्यात काही येत नाही, आतल्या बाजूला जमू शकतं. गायरानावर मात्र घर बांधू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर ते कधी पाडलं जाईल सांगता येत नाही.

आणि हो, वर्ग दोनची (म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, वतनाची जमीन, यांचं गणित वेगळं. 42ड तिथं सरळ चालत नव्हतं, सरकारला नजराणा भरावा लागतो. बागायती रान प्लॉटखाली घालावं असंही मी म्हणत नाही.

ज्यांचं रान गावाला लागून आहे त्यांना आता तर एवढंही करावं लागत नाही. घरकुलाच्या लाभार्थ्याला 1000 चौरस फुटांपर्यंत जमीन देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी घेतली की तुकडेबंदीतून सूट आहे. आमचे चुलते आजही चारचौघांत कायद्याचंच नाव सांगतात. काका, मामांचा मुलगा चाकणला भाड्याच्या खोलीत राहतो, घरकुलाच्या नव्या सर्वेक्षणात त्याचं नाव आहे आणि गावठाणालगतचं रान अजून आपलंच आहे. अर्ज मी लिहून देतो, सही तुमची हवी.