वाचकांचे प्रश्न : ब्लूटूथची जोडणी आणि फोनमधील माहिती

प्रश्न : आम्ही भाड्याच्या गाडीने सोलापूरहून तुळजापूरला दर्शनाला गेलो होतो. गाणी लावण्यासाठी मुलीने माझा फोन गाडीच्या स्टिरिओला ब्लूटूथने जोडला. फोनवर काही विचारणा आली, तिने होकार दिला आणि थोड्याच वेळात स्टिरिओच्या पडद्यावर माझ्या फोनमधील सगळी नावे दिसू लागली. माझा फोन हॅक झाला का?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : आपला फोन हॅक झालेला नाही, ती माहिती त्याने परवानगी घेऊनच दिली. गाडी चालवताना कोणाचा फोन आला ते नावानिशी दिसावे, यासाठी संपर्कांची यादी आणि कॉलच्या नोंदी दुसऱ्या उपकरणाला देण्याची सोय ब्लूटूथमध्ये मुळातच आहे. जोडणीच्या वेळी येणाऱ्या चौकटीत तशा अर्थाची एक ओळ असते आणि तिच्यासमोरची खूण काढली तरी गाणी व्यवस्थित वाजतात. ब्लूटूथमुळे सर्वसामान्य माणसाची माहिती बाहेर जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग हाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पप्पा’, ‘बँकेचे साहेब’, ‘डॉक्टर’ अशी नावे क्रमांकांसह हाती आली, तर ओळखीचा बहाणा करून फसवणाऱ्याचे अर्धे काम तिथेच होते. म्हणून गाडीतून उतरण्यापूर्वी स्टिरिओच्या यादीतून आपला फोन काढून टाकावा आणि मग फोनमधूनही त्या स्टिरिओची नोंद पुसावी. केवळ फोनमधील नोंद पुसल्याने गाडीत उतरलेली यादी पुसली जाईलच असे नाही.

याखेरीज जोडणीच्या पद्धतीतही वेळोवेळी खऱ्या त्रुटी सापडल्या आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये संशोधकांनी ‘नॉब’ नावाचा हल्ला जाहीर केला. दोन उपकरणे आपसांतील माहिती सांकेतिक करणाऱ्या गुप्त किल्लीची, म्हणजे एका आकड्याची, लांबी आपसांत ठरवतात, तेव्हा मध्ये शिरलेला हल्लेखोर ती लांबी अवघ्या एका बाइटवर आणू शकत असे. म्हणजे केवळ 256 शक्यता तपासल्या की किल्ली सापडली. त्यानंतर ही लांबी किमान 7 बाइट असावी, अशी शिफारस ब्लूटूथच्या मानकात करण्यात आली. असा हल्ला करणारा जवळपासच असावा लागतो, त्यामुळे घरी बसून घाबरण्याचे कारण नाही. मात्र जोडणी करताना दोन्ही पडद्यांवर सहा अंकी आकडा आला, तर तो अंक न अंक ताडून पाहावा आणि एस.टी. स्थानकावर किंवा गड्डा यात्रेच्या गर्दीत अनोळखी उपकरणाची विनंती आली, तर ती नाकारावी.

प्रश्न : माझे चादरींचे दुकान आहे. फोन अँड्रॉइड 9 चा असून त्याला अपडेट येत नाही. ब्लूटूथ दिवसभर चालू ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चालू ठेवू नये. डिसेंबर 2023 मध्ये मार्क न्यूलिन या संशोधकाने अशी त्रुटी जाहीर केली, की जवळचा हल्लेखोर स्वतःचे उपकरण ब्लूटूथ कीबोर्ड असल्याचे भासवून, मालकाने होकार न देताही फोनला जोडू शकतो आणि त्यावर कळा दाबल्यासारख्या आज्ञा देऊ शकतो. पासवर्ड किंवा बोटाचा ठसा न मागता फोनवर जे काही करता येते, ते त्याला करता येते. यूपीआयचा पिन त्याला ठाऊक नसल्याने थेट पैसे पाठवणे अवघड असले, तरी संदेश आणि ॲप यांना धोका राहतोच. अँड्रॉइड 11 ते 14 साठी दुरुस्ती आली. 10 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी आली नाही.

दुकानातला पैसे जमा झाल्याचे सांगणारा साउंडबॉक्स बहुधा स्वतःच्या सिमवर चालतो, त्यामुळे त्याच्यासाठी फोनचे ब्लूटूथ लागत नाही. आयफोन वापरणाऱ्या वाचकांनीही लक्षात घ्यावे, की वरून खाली ओढलेल्या पट्टीतले बटण दाबल्याने ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही. त्यासाठी सेटिंग्जमध्ये जावे लागते. आपण नवा फोन घ्याल तेव्हा त्याला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे दुकानदाराला कॅमेऱ्याच्या आधी विचारावे.