सूर्याची वेळ, घड्याळाची वेळ आणि पंचांग: मुलांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत मुलांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे घड्याळ, सावली आणि सणांच्या तारखा यांविषयीचे आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती येथे एकत्र देत आहे.

प्रश्न (नागपूर, इयत्ता सातवी): डिसेंबरच्या सुट्टीत मी मुंबईला मामाकडे गेले होते. तेथे सहा वाजेपर्यंत चांगला उजेड असे, पण आमच्याकडे त्याच दिवसांत साडेपाचनंतर लगेच सूर्य मावळतो. दोन्हीकडे घड्याळात एकच वेळ असताना असे का होते?

उत्तर: तुझे निरीक्षण अचूक आहे. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि ३६० अंशांची ही फेरी २४ तासांत पूर्ण करते, म्हणजेच एका अंशाला तिला ४ मिनिटे लागतात. नागपूर सुमारे ७९.१ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर. या दोहोंतील ६.३ अंशांच्या अंतरामुळे सूर्य नागपूरच्या माध्यान्हीनंतर सुमारे २५ मिनिटांनी मुंबईच्या माध्यान्ही येतो. त्याशिवाय नागपूर मुंबईपेक्षा उत्तरेला असल्यामुळे हिवाळ्यात तेथील दिवस थोडा लहान आणि उन्हाळ्यात थोडा मोठा असतो. म्हणून सूर्यास्तातील हा फरक डिसेंबरमध्ये जवळजवळ अर्ध्या तासापर्यंत वाढतो आणि जूनमध्ये वीस-एकवीस मिनिटांवर येतो. पुढच्या उन्हाळ्यात मामांना दूरध्वनी करून तो अवश्य ताडून पाहा.

मग घड्याळे सारखी का? कारण संपूर्ण भारताने ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची वेळ आपली मानली आहे. हा रेखांश उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जातो आणि तेथील वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते. पूर्वी मात्र प्रत्येक मोठ्या शहराची वेळ त्या शहरावरच्या सूर्यानुसार ठरत असे. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, तर रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. गाडी पकडणाऱ्या मुंबईकराला त्यामुळे दोन वेळांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली आणि मुंबईच्या वेळेत एकदम ३९ मिनिटांची भर पडली. नुकतीच बंगालची फाळणी झालेली होती आणि सरकारविषयी लोकांच्या मनात राग होता. अशा वेळी सूर्याशी जुळणारी आपल्या शहराची वेळ कोणालाही न विचारता बदलली गेली, हे मुंबईकरांना रुचले नाही आणि त्यांनी नव्या वेळेला जोरदार विरोध केला. शहरातील काही व्यवहारांत मुंबईची वेळ पुढे अनेक दशके टिकली आणि ती पूर्णपणे मागे पडली १९५५ साली. तो विरोध हट्टापोटी होता असे मला वाटत नाही, कारण आजही मुंबईत सूर्य सरासरीने दुपारी १२ वाजून ३९ मिनिटांनी माध्यान्ही येतो.

प्रश्न (कोल्हापूर, इयत्ता आठवी): मे महिन्यात एका दिवशी दुपारी आपली सावली नाहीशी होते असे शिक्षकांनी सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर: खरे आहे, आणि तुझ्या गावी हा दिवस साधारणपणे ६ मेच्या सुमारास येतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक ठिकाणी सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. त्या क्षणी सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच पडते, त्यामुळे ती दिसत नाही. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जात असल्यामुळे हा अनुभव गोव्यासह आपल्या सगळ्या गावांना मिळतो. दिल्लीला मात्र तो कधीच मिळत नाही. मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे सरकत असतो, म्हणून हा दिवस कोल्हापूरनंतर पुण्याला १३-१४ मेच्या आसपास, एक-दोन दिवसांनी मुंबईला आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला येतो. परतीच्या वाटेवर जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते.

हा क्षण घड्याळात बारा वाजता येत नाही, हे लक्षात ठेव. वरच्या उत्तरातील हिशेब केलास तर पश्चिम महाराष्ट्रात त्यासाठी साडेबाराच्या आसपास पाहावे लागते हे तुला कळेल. बाटलीसारखी सरळ उभी राहणारी वस्तू सपाट जागेवर ठेवून सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करत जा. सूर्याकडे थेट पाहायचे नाही. या प्रयोगात त्याची गरजही पडत नाही.

याच सावलीवरून तुला पृथ्वीचा परीघही मोजता येईल. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे राहणाऱ्या एरॅटोस्थेनिस या विद्वानाने तो असाच मोजला होता. दक्षिणेकडील सायीनी या गावात सूर्य डोक्यावर येतो त्या दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, हे त्याला ठाऊक होते आणि त्या सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरला. आपल्याकडे हा प्रयोग कोल्हापूर आणि जळगाव यांच्यात उत्तम जमेल, कारण जळगाव कोल्हापूरच्या बरेच उत्तरेला आणि थोडेसे पूर्वेला आहे. कोल्हापुरात सावली नाहीशी होते त्या दिवशी जळगावच्या मित्राने एक मीटर उंचीची काठी उभी करून तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. ती सुमारे साडेसात सेंटिमीटर भरेल आणि उत्तरेकडे पडलेली असेल. त्यावरून सूर्याचा कोन सुमारे ४.३ अंश निघतो. दोन गावांमधील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४७८ किलोमीटर आहे. ४.३ अंशांना ४७८ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक मांडलेस की उत्तर ४०,००० किलोमीटरच्या अगदी जवळ येईल. पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे. सावली मोजताना पाव सेंटिमीटरची चूक झाली, तरी उत्तरात हजार-दीड हजार किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून काठी ओळंब्याने सरळ लावा आणि मोजणी दोघांनी मिळून करा.

प्रश्न (सातारा, इयत्ता पाचवी): तासाची ६० मिनिटेच का? १०० असती तर गणित सोपे झाले नसते का?

उत्तर: ६० मध्ये मोजण्याची पद्धत आजच्या इराकच्या भूमीतील प्राचीन बॅबिलोनियन लोकांकडून आली, तर दिवस आणि रात्र यांचे प्रत्येकी १२ भाग करण्याची रीत प्राचीन इजिप्तमध्ये होती. ६० या संख्येला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० आणि ३० या सर्व संख्यांनी पूर्ण भाग जातो. १०० चे तीन सारखे भाग करून पाहा, म्हणजे ६० ची सोय तुझ्या लक्षात येईल. आपल्याकडेही ६० हीच संख्या होती, फक्त ती वेगळ्या जागी होती. दिवसाच्या ६० घटिका आणि घटिकेची ६० पळे, असे ते माप असे; म्हणजे घटिका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे. बुडाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र मोठ्या भांड्यातील पाण्यावर तरंगत ठेवत. ते हळूहळू भरून बुडाले की एक घटिका झाली असे मानत, आणि लग्नाचा मुहूर्तही त्यावरूनच साधत. तू सुचवलेला प्रयोग फ्रान्समध्ये १७९३ साली खरोखरच झाला: १० तासांचा दिवस, १०० मिनिटांचा तास. लोकांना तो मुळीच मानवला नाही आणि १७९५ साली तो थांबवण्यात आला.

प्रश्न (रत्नागिरी, इयत्ता सहावी): गणपती कधी ऑगस्टमध्ये येतात, कधी सप्टेंबरमध्ये. त्यांची तारीख एकच का नाही?

उत्तर: कारण गणेश चतुर्थी चंद्रावरून ठरते आणि घरातल्या भिंतीवरची तारीख सूर्यावरून. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. अशा बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा जवळजवळ ११ दिवसांनी लहान. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये ती ११ दिवस अलीकडे, २७ ऑगस्टला आली. हे असेच चालू राहिले असते तर काही वर्षांत गणपती मे महिन्यात आले असते आणि दिवाळी पावसाळ्यात. इस्लामी कालगणना निव्वळ चंद्रावर चालते, त्यामुळे रमजान ईद तशीच सर्व ऋतूंतून फिरते आणि सुमारे ३३ वर्षांनी मूळ ऋतूत परत येते.

आपल्या पंचांगात मात्र ही तूट साधारणपणे दर ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून भरून काढतात. तो कोठे घालायचा याचा नियम मला फार सुंदर वाटतो. सूर्य दर महिन्याला एका राशीतून पुढच्या राशीत जातो. ज्या चांद्र महिन्यात असे एकही संक्रमण होत नाही, तो महिना अधिक. २०२६ मध्ये सूर्याने वृषभ राशीत प्रवेश केला १५ मे रोजी, म्हणजे वैशाखाची अमावास्या संपण्यापूर्वी. मिथुन राशीतील प्रवेश १५ जूनला, पण त्या सकाळी पुढची अमावास्या संपून गेल्यानंतर. मधल्या महिन्याच्या वाट्याला संक्रमणच आले नाही, म्हणून तो अधिक ज्येष्ठ ठरला आणि त्या वर्षीची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. हा निर्णय काही तासांच्या फरकावर झाला, यावरून जुन्या गणितींना किती बारकाईने हिशेब करावा लागत असेल याची कल्पना यावी.

प्रश्न (महाड, इयत्ता नववी): रायगडावर शिवराज्याभिषेक सोहळा ६ जूनलाही होतो आणि तिथीनुसारही होतो. खरा दिवस कोणता?

उत्तर: दोन्ही खरे आहेत. राज्याभिषेक शके १५९६ मध्ये ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला आणि इंग्रजांच्या तेव्हाच्या दिनदर्शिकेत त्या दिवशी ६ जून १६७४ ही तारीख होती. हेन्री ऑक्सिंडेन हा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, त्या वेळी रायगडावर उपस्थित होता. यात एक बारीक गोष्ट अशी की, पोपच्या आज्ञेने १५८२ साली सुधारलेली दिनदर्शिका ब्रिटनने १७५२ पर्यंत स्वीकारलेली नव्हती. सतराव्या शतकात जुनी दिनदर्शिका १० दिवस मागे होती, म्हणून आजच्या दिनदर्शिकेने मोजल्यास तो दिवस १६ जून येतो.

प्रश्न (सोलापूर, इयत्ता आठवी): पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असे आजोबा सांगतात. आणि सगळे सण पुढेमागे होत असताना संक्रांत मात्र १४ जानेवारीलाच कशी येते?

उत्तर: या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. संक्रांत चंद्रावर अवलंबून नाही. सूर्य मकर राशीत शिरतो तो दिवस संक्रांतीचा, म्हणून तिची तारीख जवळजवळ स्थिर राहते. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की ती फार सावकाश पुढे सरकत आहे. पृथ्वीचा अक्ष मंदावत चाललेल्या भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे भरते. आपली राशिगणना ताऱ्यांवर आणि इंग्रजी दिनदर्शिका ऋतूंवर आधारलेली आहे. दरवर्षीची ही २० मिनिटे साठत जाऊन सुमारे ७२ वर्षांत पूर्ण एक दिवस होतो.

स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेल्यावर संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येत असे. पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला झाली, म्हणजे त्या वर्षीची संक्रांत होऊन गेल्यानंतर तीन-चार दिवसांनी. आजची १४ जानेवारी तेव्हाच्या काळावर लादल्यामुळे हा समज रूढ झाला असावा. १४ जानेवारी ही लढाईची तारीख बरोबर आहे. जागा बदलली आहे ती संक्रांतीने. आता तर ती कधी १४ तर कधी १५ जानेवारीला येते आणि पुढच्या शतकात १६ तारखेलाही येऊ लागेल.

याच कारणामुळे उत्तरायण आणि संक्रांत यांची फारकत झाली आहे. सुमारे १७०० वर्षांपूर्वी ती दोन्ही एकाच दिवशी येत असत. आज मात्र सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे लक्षात घेऊन ऋतूंना बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली आणि ती २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, सरकारी कामकाजात आली. उत्तरायण प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर १० डिसेंबरपासून घराच्या गच्चीवरील एकाच जागी उभे राहून सूर्य क्षितिजावर कोणत्या इमारतीमागे किंवा झाडामागे मावळतो याची दर दोन-तीन दिवसांनी वहीत नोंद कर आणि ती संक्रांतीपर्यंत चालू ठेव. मावळण्याची जागा डाव्या बाजूला सरकायची कधी थांबली आणि उजवीकडे कधी परतू लागली, हे त्या नोंदींवरून आजोबांनाही दाखवता येईल.