सी-वन ॲडव्हान्स्डचा एसे: शब्द पुरे झाले, आता बाजू घे

एका मुलीचं पत्र आलंय, थोडक्यात असं आहे: "मी सांगलीची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग मेकॅनिकल, सध्या पुण्यात जॉब. जर्मनीत इंग्लिशमधून मास्टर्स करायचंय म्हणून केंब्रिजची सी-वन ॲडव्हान्स्ड ही इंग्लिशची परीक्षा देतेय. रीडिंग, लिसनिंग बरं जातं, पण मॉकमध्ये एसेला प्रत्येक गोष्टीत पाचपैकी दोन, फार तर तीन. क्लासचे सर म्हणतात व्होकॅब्युलरी वाढव. पुष्कळ एसे पाठ केलेत, मोरओव्हर, फरदरमोर सगळं वापरते, तरी मार्क हलत नाहीत. मराठी मीडियममुळे होतंय का? आयईएलटीएस ही दुसरी इंग्लिशची परीक्षा देऊ का त्यापेक्षा? सोबत माझे दोन एसे पाठवतेय."

अगं, पहिलं म्हणजे मीडियमचं खूळ डोक्यातून काढ. तुझे दोन्ही एसे नीट वाचले, ग्रामरच्या चुका आहेत पण मार्क अडकावेत इतक्या नाहीत, आणि शब्द तर गरजेपेक्षा जास्तच आहेत, 'प्लेथोरा' एकाच पानावर दोनदा आलाय. अडचण वेगळीच आहे. ट्रॅफिकवरचा एसे संपवला तरी मला कळलं नाही की तुझं स्वतःचं म्हणणं काय आहे. बस पण महत्त्वाची, सायकल ट्रॅक पण महत्त्वाचा, पार्किंगची फी पण महत्त्वाची, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रयत्न केले पाहिजेत. हा आपला बोर्डाच्या पेपरातला निबंध झाला, फक्त इंग्लिशमध्ये. शाळेत त्याला मार्क मिळायचे कारण तिथे भाषा सुंदर आहे का एवढंच बघायचे, इथे प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर हवंय.

प्रश्न काय असतो ते परत एकदा शांतपणे वाच. रायटिंगच्या पेपरात पार्ट वन म्हणजे हा एसे, तो कंपल्सरी, 220 ते 260 शब्द. एक विषय, त्याखाली तीन मुद्दे, आणि चर्चेत कुणीतरी म्हटलेली तीन मतं. तुला तीनपैकी दोनच मुद्दे घ्यायचेत आणि त्यातला कुठला जास्त महत्त्वाचा ते कारणासकट सांगायचंय. दिलेली मतं वापरली तरी चालतात, पण आपल्या शब्दांत. तू दोन्ही वेळा तिन्ही मुद्दे घेतलेस, म्हणजे जास्त लिहिलं तर जास्त मार्क हा हिशोब. तसं होत नाही. अडीचशे शब्दांत तीन मुद्दे कोंबले की प्रत्येकाला दोन-दोन वाक्यं मिळतात आणि एकही धड उभा राहत नाही. आणि 'जास्त महत्त्वाचा कुठला' हे तर तू सांगितलंच नाहीस, म्हणजे कंटेंटचे मार्क तिथेच गेले.

एक्झामिनर चार गोष्टींना पाचपैकी मार्क देतो: कंटेंट, कम्युनिकेटिव्ह अचीव्हमेंट, ऑर्गनायझेशन आणि लँग्वेज. तू सगळी मेहनत शेवटच्या एकाच खान्यात घातलीयेस. कम्युनिकेटिव्ह अचीव्हमेंट हे नाव अवघड वाटतं, पण त्यात बघतात एवढंच की एसे एसेसारखा वाटतो का, सूर योग्य आहे का आणि वाचणारा शेवटपर्यंत सोबत राहतो का. पाठ केलेला एसे इथेच पकडला जातो, कारण सुरुवातीचा पॅरा कुठल्याही विषयाला चिकटवता येईल असा असतो. 'इन टुडेज फास्ट पेस्ड वर्ल्ड' वाचलं की मलाच जांभई येते, तर दिवसभर पेपर तपासणाऱ्याचं काय होत असेल.

आता एक विषय घेऊन करून दाखवते, कारण नुसतं 'मत मांड' म्हणून काही होत नाही. समज प्रश्न असा आला की तरुण मुलामुलींनी म्युझियममध्ये यावं म्हणून काय करावं. मुद्दे तीन: फ्री एंट्री, नवीन टेक्नॉलॉजी, शाळांबरोबर कार्यक्रम. मतं अशी: "तिकीट नसलं तरी कंटाळवाणं ते कंटाळवाणंच", "सगळं मोबाईलवर दिसतं मग जायचं कशाला", "लहानपणी बघितलेलं विसरत नाही".

पहिली पाच-सात मिनिटं पेनाने एसे लिहायचाच नाही. दोन मुद्दे निवड, आणि निवडताना सगळ्यात भारी कुठला हे बघू नकोस, कशावर तुझ्याकडे खरं उदाहरण आहे ते बघ. फ्री एंट्रीवर आहे का? आहे, ब्रिटनमधल्या मोठ्या नॅशनल म्युझियममध्ये 2001 पासून तिकीट नाही. शाळांवर आहे का? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस आहे ना, म्युझियम ऑन व्हील्स, जी शाळांमध्ये आणि गावागावांत वस्तू घेऊन जाते. झालं, टेक्नॉलॉजी सोडून दे. आणि उदाहरण आपल्याकडचं दिलं तर बिघडत नाही, वाचणाऱ्याला अर्ध्या वाक्यात ओळख करून दे म्हणजे झालं. उलट ऑक्सफर्डच्या कुठल्यातरी रिसर्चने 78 टक्के लोक असं म्हणतात वगैरे मनाचे आकडे घालू नकोस. तुझ्या दुसऱ्या एसेत तसला एक आकडा आहे, मला तो खरा वाटला नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि हेच कुठल्या क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. दोन गोष्टींची तुलना करायला एक माप लागतं. 'दोन्ही चांगले पण मला हा जास्त महत्त्वाचा वाटतो' हे उत्तर नाही, ती आवड झाली. माप ठरव. इथे माझं माप असं: जो मुलगा एरवी कधीच म्युझियममध्ये आला नसता, त्याला कशामुळे आणता येईल? आता दोन्ही मुद्दे त्याच मापाने मोज. फ्री एंट्रीने कोणाची सोय होते, तर ज्याला आधीच जायचंय आणि दारात पैशामुळे अडतो त्याची. ज्याच्या घरात कधी कुणी म्युझियम बघितलंच नाही त्याला तिकीट शंभर रुपये आहे की शून्य हे माहितीच नसतं. शाळेचा कार्यक्रम मात्र त्याच्यापर्यंत स्वतः पोचतो, त्याला ठरवायची गरजच पडत नाही. म्हणून शाळा जास्त महत्त्वाची. बघ, निष्कर्ष आपोआप बाहेर आला, आणि 'इन अ नटशेल' लिहायची वेळसुद्धा आली नाही.

हे कागदावर उतरवताना चार पॅरा बास होतात. पहिल्यात दोन-तीन वाक्यांत अडचण काय आणि तू कुठले दोन उपाय तपासणार. दुसऱ्यात फ्री एंट्री, तिचं खरं श्रेय दे, मग तिची मर्यादा दाखव. समोरच्याचं बरोबर असलेलं मान्य करून मग आपला मुद्दा मांडणं या लेव्हलला फार उपयोगी पडतं, 'व्हाइल इट इज ट्रू दॅट' किंवा 'ॲडमिटेडली' इथे शोभतं, उगाच पेरलेलं वाटत नाही. तिसऱ्यात शाळा, उदाहरणासकट. चौथ्यात त्याच मापाने दोन्ही शेजारी ठेवून निर्णय. चौथ्यात नवीन मुद्दा आणू नकोस, तुझ्या दोन्ही एसेत शेवटच्या ओळीत अचानक 'सरकारने जनजागृती करावी' आलंय, ते कुठून आलं देव जाणे.

मोरओव्हर, फरदरमोर, इन ॲडिशन यांचं सांगू का, तुझ्या एसेत जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एक बसवलाय, पोहे शिजायच्या आधीच वर शेव भुरभुरल्यासारखं. वाक्यं 'धिस', 'सच स्कीम्स', 'द सेम चिल्ड्रन' अशा शब्दांनी पण जोडता येतात, मागच्या वाक्यातली गोष्ट पुढच्यात उचलून घ्यायची. ऑर्गनायझेशनचे मार्क त्याने वाढतात.

लँग्वेजमध्ये आपल्या लोकांच्या ठरलेल्या चुका असतात आणि तुझ्यातही त्याच आहेत. 'द' आणि 'अ' गाळणं, कारण मराठीत तसं काही नाहीच. 'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइज ऑन', 'कोप अप विथ' ही आपल्याकडे सगळीकडे ऐकू येणारी इंग्लिश, पण पेपरात चूक. 'वन ऑफ द' नंतर अनेकवचनाऐवजी एकवचन. 'इक्विपमेंट्स', 'इन्फर्मेशन्स', ज्यांचं अनेकवचन इंग्लिशमध्ये होतच नाही. याची एक यादी स्वतःच्या हाताने कर आणि शेवटच्या पाच मिनिटांत फक्त तेवढंच शोधत वाच, सगळं परत वाचायला गेलीस तर काहीच सापडणार नाही. स्पेलिंग ब्रिटिश किंवा अमेरिकन कुठलंही चालतं, पण दोन्हींची खिचडी नको.

पेपर दीड तासाचा, त्यात पार्ट टू पण लिहायचाय, म्हणून एसेला 45 मिनिटांच्या वर जाऊ नकोस. आठवड्याला सात एसे लिहिण्यापेक्षा दोन लिही आणि दोन्ही परत लिही. प्रॅक्टिससाठी केंब्रिजच्या साइटवर सॅम्पल पेपर फुकट आहेत, राइट अँड इम्प्रूव्ह नावाचं त्यांचं टूल पण फुकट आहे, भाषेचा अंदाज येतो. पण मुद्दा पटतोय का ते माणसालाच विचार, ऑफिसमधल्या कुणाला तरी वाचायला दे आणि फक्त एवढंच विचार की माझं मत काय आहे ते सांग. त्यांना एका वाक्यात सांगता आलं नाही तर परत लिही.

आयईएलटीएसचं म्हणशील तर एसेच्या अडचणीमुळे बदलू नकोस, तिकडेही टास्क टूला, म्हणजे एसेला, किमान 250 शब्द आणि 40 मिनिटं, आणि तिथेही पहिला निकष प्रश्नाला उत्तर दिलंय का हाच. बदलायचंच तर युनिव्हर्सिटीच्या पानावर काय लिहिलंय ते बघून बदल. साधारण तुलना अशी की केंब्रिजच्या मार्कांच्या स्केलवर 176 म्हणजे आयईएलटीएसचं 6.5 आणि 185 म्हणजे 7. शिवाय सी-वन ॲडव्हान्स्डचा ओव्हरऑल स्कोअर हा रीडिंग, यूज ऑफ इंग्लिश, रायटिंग, लिसनिंग, स्पीकिंग या पाचांची सरासरी असतो, रायटिंगमध्ये वेगळं पास व्हावं लागत नाही, त्यामुळे रायटिंग थोडं कमी आलं म्हणून सगळं बुडालं असं नाही. काही कोर्सेस मात्र प्रत्येक सेक्शनला वेगळा मिनिमम मागतात, ते आधी तपास.

आणि तारखांचं बघ आधी. जर्मनीत विंटर सेमिस्टरला, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास सुरू होणाऱ्या सत्राला, बऱ्याच ठिकाणी 15 जुलैपर्यंत अर्ज घेतात, पण काही युनिव्हर्सिट्या बाहेरच्या देशातल्या मुलांसाठी कितीतरी आधी बंद करतात. सर्टिफिकेट हातात यायला लागणारा वेळ धरून मगच परीक्षेचा स्लॉट घे. तुझ्या पत्रात कोर्सची नावं नाहीयेत, ती पाठव, आणि सोबत म्युझियमचाच एसे लिहून पाठव, फक्त या वेळी शाळेच्या ऐवजी टेक्नॉलॉजीची बाजू घेऊन.