सीट बुकिंगचे पैसे भरायच्या आधी

बारावीचा निकाल आणि सीईटीचा स्कोअर हातात आला की घरोघरी एकच चर्चा चालू होते, आणि या वेळी आलेल्या पत्रांतही तेच आहे, सरकारी बरं का खाजगी. त्यातली चार पत्रं घेतलीयत. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण तो घोळ आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांचाच होतो.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. मुलीला सीईटीला 91 पर्सेंटाइल पडलेत, तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचंय. एका खाजगी विद्यापीठाची माणसं घरी येऊन गेली, म्हणाली 25 टक्के स्कॉलरशिप देतो पण आठ दिवसात 50 हजार भरून सीट बुक करा नाहीतर जाईल. स्कॉलरशिप धरूनसुद्धा चार वर्षाची फी 9 लाखाच्या वर जातीय. पाव्हणे म्हणतात सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज मिळणार नाही, मग कुठलं का असेना सगळं खाजगीच की, तर मोठ्या नावाला टाका. उत्पन्नाचा दाखला 8 लाखाच्या आतला आहे, एसईबीसीचा (मराठा आरक्षणाचा) दाखलाही काढलाय. काय करू?
– एक पालक, तासगाव

उत्तर : दादा, पहिलं हे की 50 हजार आत्ता भरू नका. का ते सांगते.

तुमचे पाव्हणे म्हणतात तसं "सगळं खाजगीच की" हे बरोबर नाही, आणि नेमकं इथंच लाखो रुपयांचा फरक पडतो. खाजगी कॉलेज वेगळं आणि खाजगी विद्यापीठ वेगळं. आपल्याकडं सांगली, सातारा, कोल्हापूर पट्ट्यात संस्थांची जी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत त्यांची इमारत, मॅनेजमेंट सगळं खाजगी असलं तरी डिग्री सरकारी विद्यापीठाची असते, म्हणजे शिवाजी विद्यापीठाची नाहीतर लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची. तिथला प्रवेश सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीतून होतो आणि फी किती घ्यायची ते राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. खाजगी विद्यापीठाचं तसं नसतं, ते स्वतःच्या कायद्यानं उभं राहिलेलं, डिग्री स्वतःची देतं, प्रवेश स्वतःच्या पद्धतीनं करतं आणि त्याची फी या प्राधिकरणाकडून ठरत नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. राज्य सरकारनं जुलै 2024 मध्ये जीआर काढला, त्याप्रमाणे ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी मधल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न 8 लाखापर्यंत आहे त्यांची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. सरकारी कॉलेजात तर आहेच पण कॅपमधून गेली तर विनाअनुदानित खाजगी कॉलेजातसुद्धा आहे. आणि त्याच जीआरमध्ये स्पष्ट लिहिलंय की खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित म्हणजेच खाजगी विद्यापीठं यातून वगळलीयत. म्हणजे तुमच्या घरी आलेली माणसं 25 टक्के सूट देतो म्हणून तुम्हाला जिथं नेतायत तिथं तुमच्या मुलीची हक्काची 100 टक्के माफी बुडतीय. हे त्यांनी सांगितलं नसणार, आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं कारण बागेवर कर्ज काढून फी भरणारे बाप मी बघते, त्यातल्या कितीकांना हे उशिरा कळतं.

एक मात्र आहे, त्याच खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही माफी मिळत नाही. प्रवेश कॅपमधूनच पाहिजे. शिवाय माफी ट्यूशन आणि परीक्षा फीची आहे, हॉस्टेल, मेस, बस, बाकीचे चार्जेस आपल्यालाच बघावे लागतात, तेवढा हिशोब धरून ठेवा. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी भरायचा असतो, एकदा भरून चालत नाही. आणि नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी यातलं काही राहिलं असेल तर आजच्या आज तहसीलला आणि सांगलीला समितीच्या ऑफिसात पाठपुरावा करा, ऐन राउंडच्या वेळी तिथं पाय ठेवायला जागा नसते.

91 ला वालचंदचं कॉम्प्युटर अवघड आहे हे खरं, तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. पण ऑप्शन फॉर्ममध्ये टाकायला पैसे पडत नाहीत, तर वालचंद आणि कराडचं गव्हर्मेंट इंजिनिअरिंग कॉलेज वर टाकाच, 1947 चं एक आणि 1960 चं एक, दोन्ही ऑटोनॉमस, नोकरी देणाऱ्या कंपन्यांना दोन्ही माहितीयत. त्याखाली आपल्या भागातली चांगली विनाअनुदानित कॉलेजं. मुलीला एकदा शांतपणे विचारा की कॉम्प्युटरच हवं का कराडला दुसरी ब्रँच मिळाली तर चालेल. उत्तर तिचं असू द्या. कॉलेज मोठं पण ब्रँच नावडती असं चार वर्षं काढणं पोरांना फार जड जातं, उलट मुलीला इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल चालत असेल तर सरकारी कॉलेजसाठी ब्रँच सोडणं मला पटतं.

आणि कॉलेज बघायला जा, दोघं मिळून जा. ओपन डेला नको, साध्या बुधवारी-गुरुवारी दुपारी जा. लॅबमध्ये पोरं काम करतायत का कुलूप आहे ते दिसतं. कँटीनमध्ये सेकंड इयरच्या पोरींना विचारा सर लोक टिकतात का दर सेमिस्टरला बदलतात, हॉस्टेलला पाणी असतं का, रात्री किती वाजता गेट बंद होतं. प्लेसमेंटचं विचारताना सगळ्यात मोठं पॅकेज किती ते विचारू नका, ते एकाला मिळालेलं असतं आणि त्याचाच फ्लेक्स लागतो. किती पोरं बसली, किती लागली आणि मधलं पॅकेज किती एवढं विचारा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगला भाग घेणाऱ्या कॉलेजांना ही माहिती त्यांच्या वेबसाइटवर टाकावी लागते, मुलगी पाच मिनिटात काढेल. एनबीए मानांकन, म्हणजे कोर्सच्या दर्जाचं प्रमाणपत्र, ब्रँचनिहाय असतं, तेव्हा कॉलेजला आहे म्हणून थांबू नका, कॉम्प्युटरला आहे का बघा.

सगळे राउंड होऊन मनासारखं काहीच मिळालं नाही तर खाजगी विद्यापीठ आहेच, ते कुठं जात नाही. तिथं सगळं वाईट असतं असं मी अजिबात म्हणत नाही, काही ठिकाणी सिलॅबस पटकन बदलतात, निकाल वेळेवर लागतात, आपल्या सरकारी विद्यापीठांना हे जमायला वेळ लागतो. पण जायचं झालं तर स्कॉलरशिपची अट लेखी मागा. पहिल्या वर्षी 25 टक्के आणि दुसऱ्या वर्षी अमुक सीजीपीए (सरासरी गुण) नसेल तर बंद, असं बऱ्याच ठिकाणी असतं. चारही वर्षाची फी कागदावर घ्या.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातली अंगणवाडी सेविका. मुलगा कॉमर्सने बारावी झाला, 74 टक्के. त्याला पुण्याच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बीबीए करायचंय, वर्षाला अडीच लाख फी आणि राहणं वेगळं. मी म्हणते साताऱ्यात बीकॉम कर, एसटीनं जाऊन ये. तो म्हणतो साताऱ्यात राहिलो तर माझं काही होणार नाही. रोज भांडण होतं. मिस्टरांचं आजारपण असल्यानं घर माझ्यावरच आहे.
– एक आई, कोरेगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून आधी तुमच्या मुलाशी बोलावंसं वाटतंय, त्याला हे वाचायला द्या.

बाळा, तुला बाहेर पडायचंय यात काही चूक नाही, या वयात ते वाटायलाच पाहिजे. पण अडीच लाख गुणिले तीन, वर पुण्यात रूम आणि मेस, हे सगळं तुझ्या आईच्या मानधनातून होणार नाही, कर्जच काढावं लागेल. बँका साधारण साडेसात लाखापर्यंत तारण मागत नाहीत म्हणून ते सोपं वाटतं, पण कोर्स संपून एक वर्ष झालं की हप्ता चालू होतो, आणि बीबीए करून लगेच लागणाऱ्या पहिल्या नोकरीत पुण्यात भाडं भरून हा हप्ता भरणं किती ओढाताणीचं असतं ते तिथं शिकून गेलेल्या कुणालाही विचार. बीबीएवर थांबणारे कमी असतात, पुढं एमबीए करायचंच असतं. मोठा खर्च करायचाच तर तो तिथं कर, चांगल्या स्कोअरवर चांगल्या ठिकाणी. बाहेर पडायचं राहत नाही, तीन वर्षं पुढं जातं.

साताऱ्यात राहिलो तर काही होणार नाही हे मला मान्य नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती तुझ्यासारख्याच घरातल्या पोरांसाठी, आणि त्यांची कमवा आणि शिका योजना आजही चालू आहे. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज ही तीन मिळून आता साताऱ्यातच कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय, ते सरकारी विद्यापीठ आहे. गाडगीळ कॉलेजला जाऊन ये, कोर्स कुठले आहेत, अनुदानित तुकडी कुठली आणि विनाअनुदानित कुठली ते विचार, एकाच कॉलेजात दोन्हीच्या फीमध्ये बराच फरक असतो. बीबीएच करायचं असेल तर त्याचं बघ, 2024-25 पासून बीबीए, बीसीए एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आलं आणि राज्यात त्याला वेगळी सीईटी चालू झाली. ती दिली असशील तर कॅपमधून आपल्या भागातलं कॉलेज बघ. बीकॉमबरोबर सीएची फाउंडेशन देता येते, सीएस (कंपनी सेक्रेटरी) करता येतं, नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांवर डिग्री आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स अशी सोय आहे.

पण ताई, तुम्हालाही एक सांगते. साताऱ्यात घालायचा तर "जाऊन ये आणि घरी बस" असं करू नका. एसटीच्या पासाला विद्यार्थ्यांना सवलत असते त्यामुळं खर्च कमी होईल पण कोरेगाव-सातारा करताना लायब्ररी, कार्यक्रम, मित्र हे सगळं सुटतं आणि कॉलेज म्हणजे नुसती हजेरी होते. जमलं तर त्याला हॉस्टेलला ठेवा. त्याला घरापासून लांब राहायचंय, एवढंच तो त्याच्या भाषेत सांगतोय असं मला वाटतं, ते साताऱ्यातही होऊ शकतं.

कॉलेजच्या बाबतीत एक अडचण लपवत नाही. अनुदानित कॉलेजात बऱ्याच ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, तासिका तत्त्वावर शिकवणारे असतात, कधी तास होतात कधी होत नाहीत. ज्या विषयात पोराला पुढं जायचंय त्या विभागात कायम माणसं किती आहेत हे प्रवेशाच्या आधी विचारायचं, लाजायचं नाही.

प्रश्न : खाजगी विद्यापीठाची डिग्री एमपीएससीला, बँकेच्या परीक्षेला चालते का? गावात म्हणतात चालत नाही.
– विद्यार्थी, जत

उत्तर : चालते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वेबसाइटवर खाजगी विद्यापीठांची राज्यवार यादी असते, त्यात नाव असलं की डिग्री मान्य. फक्त दोन गोष्टी बघ. लॉ असेल तर बार कौन्सिल, फार्मसी असेल तर फार्मसी कौन्सिल, अशी त्या त्या कोर्सची मान्यता वेगळी लागते, ती नसेल तर विद्यापीठ खरं असून उपयोग नाही. दुसरं म्हणजे खाजगी विद्यापीठाला दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत, त्यामुळं तुमच्या तालुक्याच्या गावी एखाद्या गाळ्यात "अमुक विद्यापीठाचं सेंटर" म्हणून रेग्युलर डिग्री देतो म्हणत असतील तर तिथं पैसे भरू नकोस. आणि स्पर्धा परीक्षाच करायची ठरलीय तर डिग्रीवर जास्त खर्च कशाला, शिवाजी विद्यापीठाला 2021 मध्ये नॅक या दर्जा तपासणाऱ्या संस्थेची ए प्लस प्लस ग्रेड मिळालीय, जतमधल्या नाहीतर सांगलीतल्या कॉलेजातनं तीच डिग्री मिळते. वाचलेल्या पैशात सांगलीत अभ्यासिका लाव.

प्रश्न : घाईत एका खाजगी विद्यापीठात पैसे भरले, दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कलिस्ट पण दिल्या. आता कॅपमधून चांगलं कॉलेज लागलंय. ते म्हणतात पैसे नॉन-रिफंडेबल आहेत आणि कागद नंतर देऊ.
– पालक, वाई

उत्तर : दोन्ही चुकीचं सांगतायत. यूजीसीच्या 2018 च्या नियमानुसार पडताळणी झाल्यावर ओरिजिनल कागद ठेवून घेता येत नाहीत, ते लगेच परत द्यावे लागतात. फीचं पण तसंच आहे, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी रद्द केलात तर किरकोळ प्रोसेसिंग चार्ज कापून सगळी फी परत, नंतर जसजसा उशीर तसतशी कपात, आणि तारखेनंतर 30 दिवस उलटले की काहीच नाही. यूजीसी एखाद्या वर्षी यापेक्षा सवलतीची तारीख पण काढते, 2024-25 ला 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत द्यायला सांगितली होती, तेव्हा या वर्षीची नोटीस वेबसाइटवर बघा. फोनवर बोलत बसू नका, आजच प्रवेश रद्दचा अर्ज ईमेलनं पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टानं, दोन्हीवर तारीख पाहिजे. आठवड्यात उत्तर आलं नाही तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाका, सोबत पैसे भरल्याची पावती आणि त्या ईमेलची कॉपी जोडा. तोपर्यंत कॅपच्या कॉलेजात रिपोर्टिंगची तारीख चुकवू नका, कागद अडकलेत हे तिथल्या अॅडमिशनच्या माणसाला आधीच जाऊन सांगा आणि लेखी मुदत मागा.