टँकर बुडाला, मग त्यातलं तेल गेलं कुठे?

प्रश्न: काका, तारकर्लीला दोनदा स्कुबा केलंय. आता इटलीत असलेला मावसभाऊ म्हणतो इकडे ये, तेलाचा बुडालेला टँकर आहे त्याच्यावर डायव्हिंग करतात. मला वाटलं फेकतोय. तेलाच्या जहाजात उतरल्यावर अंग काळं नाही होणार? आणि खरं असेल तर आपल्याकडे २०२२ ला डांबर घेऊन जाणारं 'पार्थ' बुडालं, त्याच्यावर का नाही करत? - एक वाचक, देवगड

उत्तर: नाही रे, फेकत नाहीये. 'हेवन' नाव त्या टँकरचं. ३३४ मीटर लांब, म्हणजे एसटीच्या तीसेक गाड्या एकामागे एक लावल्यास तर होईल एवढं धूड. ११ एप्रिल १९९१ ला जेनोवासमोर उभं होतं, आतल्या आत एका टाकीतून दुसऱ्या टाकीत तेल ढकलायचं काम चालू होतं आणि स्फोट झाला, पोटात १ लाख ४४ हजार टन कच्चं तेल, काही खलाशी जिवानिशी गेले. जळतं जहाज तिथल्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम किनाऱ्याकडे ओढलं (आपल्याकडे कोणी असं केलं असतं तर गावाने होड्या आडव्या घातल्या असत्या!), कारण भर समुद्रात फुटलं तर तेल कुठल्या कुठे पसरेल. ओढताना पुढचा भाग तुटून खोल पाण्यात गेला आणि बाकीचं १४ तारखेला अरेन्झानो गावासमोर तळाला बसलं.

आता तुझं तेल. बरंचसं तिथेच जळून गेलं, काही लाटांवर पसरून इटली-फ्रान्सच्या किनाऱ्याला लागलं, आणि जळून उरलेला जड गाळ डांबरासारखा तळाशी गेला. पावसाळ्यात आपल्या वाळूवर ते काळे चिकट गोळे येतात ना, चपलेला लागले की रॉकेलशिवाय निघत नाहीत, तसलाच प्रकार. जहाजात राहिलेलं तेल काढायचं काम २००८ पर्यंत चालू होतं. आता तिथे मासे फिरतात.

पण दोनदा तारकर्ली म्हणजे इन्स्ट्रक्टरने सिलिंडरला धरून फिरवलेलं, राग मानू नको. 'हेवन'चा सगळ्यात वरचा भागच तीसेक मीटरवर आहे, तळ ८० च्या आसपास. तीस मीटरवर दाब वरच्यापेक्षा चौपट, म्हणजे सिलिंडरमधली हवापण चौपट वेगाने संपते, शिवाय नायट्रोजनमुळे दारू प्यायल्यासारखं डोकं चालतं आणि वाईट म्हणजे आपल्याला ते कळत नाही. बेसिक कोर्सला १८ मीटरची मर्यादा, ॲडव्हान्स्डला ३०. तारकर्लीलाच एमटीडीसीचं ट्रेनिंग सेंटर आहे, आधी तिथे कोर्स कर, मग भावाला तिकीट काढायला सांग.

'पार्थ' मात्र विसर. १९ जण कोस्ट गार्डने वाचवले हे नशीब, पण ते रत्नागिरीपासून ४० सागरी मैलांच्या आसपास गेलंय, बोटीने जाऊन येण्यातच दिवस संपेल. त्यापेक्षा नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ तळाशी ठेवायची योजना आहे तिच्यावर नजर ठेव. ती पोटात काही न ठेवता साफ करूनच उतरवायची, 'हेवन'सारखी जळत नाही.

आणि हो, इटलीत हिवाळ्यात गेलास तर तिथलं पाणी १३-१४ डिग्री असतं, टीशर्ट-बर्म्युडात उडी मारायची सवय इथेच ठेवून जा.