आमच्या फायटरने चोराच्या आधी सापळा शोधला. मग चोर घ्यायचाच कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे की, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पाच जणांच्या गटात तुम्ही हौसेने रोग (Rogue, म्हणजे चोराचे पात्र) घेतलात, त्याला पर्सेप्शन (लपलेले हेरण्याचे कौशल्य) आणि कुलूप उघडण्याची अवजारे या दोहोंत एक्सपर्टीज, म्हणजे दुप्पट बोनस, दिलीत, आणि तरीही पहिल्याच दिवशी सापळा सापडला तो फायटरला, म्हणजे लढवय्याला. तेव्हा क्लासनुसार, म्हणजे पात्राच्या पेशानुसार, केलेली कौशल्यांची वाटणी निव्वळ कागदावरची आहे की काय. (आम्ही टेबलावर या क्लासला ‘चोर’च म्हणतो, कारण ‘मला रोग आहे’ हे वाक्य शेजारच्या खोलीतून आईने एकदा ऐकले होते.) ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी रविवारी दुपारी मी डीएम (डंजन मास्टर) म्हणून हा खेळ चालवतो आणि नेमकी हीच तक्रार माझ्याकडेही आली होती. नियमांत वाटणी आहे. ती मोडते ती सगळ्यांनी फासे टाकण्याच्या सवयीमुळे, असे माझे मत झाले आहे.

आधी हिशेब पाहा. पहिल्या लेव्हलला प्रोफिशियन्सी बोनस (शिकलेल्या कामात फाशात मिळवायचा आकडा) फक्त 2 असतो, एक्सपर्टीजमुळे तो 4 होतो, आणि विस्डम 12 असल्याने आणखी 1 मिळणाऱ्या तुमच्या चोराला पर्सेप्शनमध्ये एकूण 5 मिळतात. सापळ्याची डीसी, म्हणजे फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा, 15 धरली तर वीस बाजूंच्या फाशावर त्याला 10 किंवा अधिक हवेत, म्हणजे यशाची शक्यता 55 टक्के. ज्याला काहीच बोनस नाही त्याची शक्यता 30 टक्के. पण असे चौघे एकापाठोपाठ फासा टाकू लागले, तर त्यांच्यापैकी निदान एकाला यश येण्याची शक्यता 76 टक्क्यांवर जाते. चार अडाणी मिळून एका जाणकाराला हरवतात, आणि त्यात ना फायटरचे कौतुक असते ना तुमच्या चोराचा दोष.

प्रत्यक्षात असे होत नाही, हे मला आमच्याच दारात कळले. एकदा मी कचरा ठेवायला बाहेर आलो आणि मागे दार लॅच झाले. शेजारच्या काकांनी स्क्रूड्रायव्हर आणला, वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी हेअरपिन दिली, वॉचमनने एक जुने प्लॅस्टिकचे कार्ड फटीत घालून पाहिले. तिघांच्या तीन प्रयत्नांनी दारावर फक्त ओरखडे उठले. शेवटी नाक्यावरचा चावीवाला आला, त्याने वाकलेली तार आत सरकवली, कान दाराला लावला, आणि माझे पाकीट घरातच राहिले आहे हे मी त्याला सांगेपर्यंत दार उघडलेही. शेजाऱ्यांचे प्रयत्न एकमेकांत मिळवून त्यांची बेरीज होत नव्हती. फाशावर मात्र ती होते, आणि ती थांबवणे हे डीएमचे काम आहे.

हा पेच खेळाइतकाच जुना आहे. 1974च्या मूळ नियमांत लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (पुरोहित) एवढेच तीन क्लास होते. चोर 1975च्या पुरवणीतून आला, आणि त्याच्यासाठी टक्केवारीचे वेगळे तक्ते छापले गेल्यावर ‘हे इतरांनी करायचेच नाही’ असा समज रूढ झाला. गंमत अशी की 1981च्या बेसिक नियमांत पहिल्या लेव्हलच्या चोराची कुलूप उघडण्याची शक्यता अवघी 15 टक्के होती, म्हणजे मक्तेदारी होती, हातात कसब मात्र नव्हते. 2000च्या तिसऱ्या आवृत्तीने उलट टोक गाठले: चोराला दर लेव्हलला 8 अधिक बुद्धीचा बोनस इतके कौशल्यांचे पॉइंट, फायटरला 2 अधिक तोच बोनस, आणि आपल्या क्लासबाहेरच्या स्किलवर निम्म्याची मर्यादा. त्यामुळे वरच्या लेव्हलला जी डीसी चोराला सोपी, ती फायटरला केवळ अशक्य. 2014च्या पाचव्या आवृत्तीने बोनस 2 ते 6 एवढ्यातच बांधून ही दरी बुजवली. सुरुवातीच्या लेव्हलला तुम्हाला फरक जाणवत नाही तो त्यामुळे.

पुढे तो जाणवतो. पाचव्या लेव्हलला डेक्स्टेरिटी (चपळाई) 18 असेल तर अवजारांवर तुमचे 10 होतात आणि डीसी 15चे कुलूप 80 टक्के वेळा उघडते. अकराव्या लेव्हलला मिळणाऱ्या रिलायबल टॅलेंटमुळे 9 किंवा त्याखालचा फासा 10 धरला जातो, आणि डेक्स्टेरिटी 20 असली तर तुमची बेरीज 23च्या खाली येतच नाही. 2024च्या नियमांत हेच टॅलेंट सातव्या लेव्हलला मिळते. चोराचे खरे वैशिष्ट्य मला इथे दिसते: मोठ्या आकड्यापेक्षाही त्याचा हात चुकत नाही.

तोवर तुमच्या डीएमला 2014च्या पुस्तकातलीच एक तरतूद दाखवा. जे काम एखाद्याला एकट्याने करता येत नाही त्यात त्याला मदतही करता येत नाही, आणि तिथे दिलेले उदाहरण कुलपाचेच आहे: अवजारांची प्रोफिशियन्सी नसेल तर हातभारसुद्धा लावता येत नाही. सापळ्यांबाबत पुस्तक इतके कडक नाही, म्हणून मी टेबलापुरता नियम केला आहे की एका शोधासाठी एकानेच फासा टाकायचा, दुसऱ्याला त्या कामाची प्रोफिशियन्सी असेल तर त्याने मदत करून अ‍ॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) द्यायचा, आणि बाकीच्यांनी आपण तेवढ्यात काय करतो ते सांगायचे. आमचा फायटर पहिले दोन रविवार कुरकुरला. आता दार आले की तो आपणहून ढाल पुढे करून चोराच्या मागे उभा राहतो.