‘बरं आहे’ या उत्तराचं डॉक्टरांनी काय करायचं?

प्रश्न: सासऱ्यांची (वय ६७) तीन आठवड्यांपूर्वी बायपास झाली. इको, रक्ततपासण्या चांगल्या आहेत. डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ म्हणतात. घरी मात्र दोन घास जेमतेम खातात, रात्र रात्र जागे, कुणाशी बोलत नाहीत. मी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, ‘सूनबाई उगाच घाबरते.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायचंय. काय करू? – एक सून, परळ

उत्तर: ताई, तुमच्या घरात खोटं कुणीच बोलत नाहीये. इकोत हृदयाचं काम दिसतं. भूक, झोप, मनाची उभारी दिसत नाही. ती पेशंटनेच सांगायची. आणि ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना ‘काका, कसं वाटतंय?’ विचारलं की त्या पिढीचा माणूस ‘बरं आहे’च म्हणणार. तेव्हा प्रश्न बदला.

क्यूओआर-१५ (क्वालिटी ऑफ रिकव्हरी, म्हणजे ऑपरेशननंतर माणूस किती सावरला ते मोजणारी) नावाची प्रश्नावली त्यासाठीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञांनी ती २०१३ साली मांडली. गेल्या २४ तासांबद्दल १५ प्रश्न, प्रत्येकाला ० ते १० गुण, एकूण १५०. पहिले दहा चांगल्या गोष्टींचे: श्वास सहज येतो का, जेवणाची मजा येते का, झोप लागली का, आंघोळ-संडास स्वतःचं स्वतः जमतं का, घरच्यांशी बोलता येतं का, रोजची कामं जमतात का, असे. शेवटचे पाच त्रासाचे: मध्यम दुखणं, जोराचं दुखणं, मळमळ-उलटी, काळजी, उदासी.

गोंधळ हमखास होतो तो इथे. या पाचांत गुण उलटे असतात. त्रास अजिबात नाही तर १०, सतत असेल तर ०. दुखत नाही म्हणून सवयीने ० लिहिला की बरा माणूसही आजारी दिसतो.

आकडा सासऱ्यांनीच द्यायचा. वाचायला त्रास होत असेल तर प्रश्न मोठ्याने वाचा, पण ‘काल तर झोपला नव्हतात ना?’ असं मध्येच बोलू नका. सुनेला संडासाबद्दल सांगायला ते संकोचतील. मुलाने किंवा नातवाने विचारलेलं बरं. तुम्ही त्यांच्या वतीने भरू नका. दुखणं आणि उदासी घरच्यांना बहुतेक वेळा पेशंटपेक्षा जास्त वाटते. डॉक्टरांना तुमचं म्हणणं अतिरंजित वाटलं, त्यामागे हा अनुभव असू शकतो. तुमचं निरीक्षण वेगळ्या कागदावर, नुसत्या घटना: ‘मंगळवारी दिवसभरात अर्धी पोळी, रात्री दोनला जागे.’

रोज एकाच वेळी भरा, कालचा कागद दाखवू नका. ढोबळमानाने १३६ किंवा त्याहून जास्त उत्तम, ९० च्या खाली वाईट. दोन-तीन गुणांच्या चढउतारावर घर डोक्यावर घेऊ नका. सहा किंवा जास्त गुणांचा फरक पेशंटला जाणवण्याजोगा धरतात. पहिल्या दहांतला हॉस्पिटलच्या डॉक्टर-नर्सच्या आधाराचा प्रश्न घरी अडतो. वगळलात तर रोज वगळा, आणि मग वरचे टप्पे लावू नका.

खरं तर मला बेरजेपेक्षा सुटे आकडे महत्त्वाचे वाटतात. बेरीज ११० असेल, पण झोप २ आणि उदासी १, तर बोलायचं ते त्याबद्दलच. बायपासनंतर काही आठवडे भूक आणि झोप बिघडणं नवल नाही. पण उदासी दोन आठवडे हटत नसेल तर ते म्हातारपणाचं रुसणं समजू नका. बायपासनंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचं बोलले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

ताप, जखमेतून पू, छातीच्या हाडात कटकट असा आवाज, एक-दोन दिवसांत किलो-दीड किलो वजन वाढणं, यासाठी गुण मोजत बसू नका, सर्जनला फोन करा. अचानक धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट १०८.

डॉक्टरांकडे सात दिवसांचे कागद न्या, सर्वांत कमी गुणांच्या दोन ओळींभोवती लाल गोल करा. केबिनमध्ये कागद सासऱ्यांच्या हातात द्या आणि त्यांनाच बोलू द्या.